अदृश्य दुकानाची पत

तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. घोडा घेणारा आधी त्याचे दात पाहतो, चाल न्याहाळतो, जाणत्यांना विचारतो आणि मगच पैसे मोजतो. विकणारा समोर उभा असतो. पुढल्या वर्षी त्याला पुन्हा याच यात्रेत यायचे असते. आपल्या बाजाराची सारी शिस्त या दोन गोष्टींवर उभी राहिली : माल डोळ्यांनी पारखता येणे आणि विकणाऱ्याचे तोंड पुन्हा दिसणार असणे. ऑनलाइन दुकानात या दोन्ही गोष्टी नसतात. तेथे ग्राहक छायाचित्र पाहून पैसे देतो आणि विक्रेता कोण, हे त्याला ठाऊकही नसते.

त्याच शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या गावातील सुशिक्षित तरुणाच्या हाती आज भ्रमणध्वनी आहे आणि २०१६ पासून युपीआयमुळे पैशाची देवघेवही सुलभ झाली आहे. जिल्ह्यात विकण्याजोगेही पुष्कळ आहे. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर वाळणारी लाल मिरची, सातपुड्यातील धडगावचा आमचूर, २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली नवापूरची तूरडाळ. हा माल दलालांच्या साखळीतून न जाता थेट पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरात पोहोचला, तर कष्टाचा पैसा गावात राहील. अडचण मालाची नाही, अडचण पतीची आहे. ठाण्यातील गृहिणीने अनोळखी गावातील अनोळखी माणसावर विश्वास का ठेवावा?

हा प्रश्न मोठ्या कंपन्यांनाही चुकला नाही. माल हाती पडल्यावर पैसे देण्याची सोय फ्लिपकार्टने २०१० मध्ये सुरू केली, ती भारतीय ग्राहक आधी पैसे द्यायला कचरतो हे ओळखूनच. ग्राहकाच्या या सावधपणाला मागासलेपणा म्हणणे चूक ठरेल. तो पिढ्यानपिढ्यांच्या व्यवहारातून आलेला शहाणपणा आहे. त्याचा मान राखणारा विक्रेताच टिकतो.

पहिला नियम असा की, दुकानदाराने स्वतःला लपवू नये. पूर्ण नाव, पत्ता, उचलला जाणारा दूरध्वनी आणि अन्न परवान्याचा क्रमांक ठळक दिसला पाहिजे. दुसरा नियम वर्णनाचा. मिरची कोणत्या हंगामाची, तिखटपणा किती, देठासह की देठाविना, वजन किती, पोचायला किती दिवस लागतील, हे जसे आहे तसे लिहावे. छायाचित्रातील रंग मालापेक्षा लाल दिसला, तर पहिली विक्री होईल, दुसरी होणार नाही. तिसरा आणि सर्वांत कठीण नियम परतीचा. माल खराब निघाला तर वाद न घालता पैसे परत करणे ही सुरुवातीला झळ वाटते; प्रत्यक्षात ती सर्वांत स्वस्त जाहिरात असते. दुकानाची खरी परीक्षा विक्रीच्या दिवशी होत नाही, ती तक्रारीच्या दिवशी होते.

कायदाही आता हेच सांगतो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला आणि त्याच महिन्यात ई-वाणिज्याचे नियमही आले. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी, एका महिन्यात तिचे निवारण करावे, सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास नकार देऊ नये आणि विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन स्वतःच्या मालाची स्तुती लिहू नये, असे बंधन त्यात आहे. ग्राहकाला फसव्या रचनेत अडकवणाऱ्या १३ क्लृप्त्यांना २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मज्जाव केला. परंतु कायदा फसवणुकीला शिक्षा देऊ शकतो; विश्वास निर्माण करण्याचे काम समाजाचे.

ते कसे होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू केले. पुढील वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि शेजारच्या कुटुंबांनी गट करून एकत्र खरेदी करण्याची पद्धत रुजली. माल पारखणारी माणसे ओळखीची होती, म्हणून न पाहिलेला माल घरी येत असे. आजच्या ऑनलाइन बाजाराला नेमकी हीच मधली कडी हवी आहे. ब्राह्मणपुरीच्या तरुणांनी एकेकटे दुकान थाटण्याऐवजी बचत गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या नावाने एकत्र यावे, प्रतवारी एकत्र करावी. नंदुरबारचे कृषी विज्ञान केंद्र तर डॉ. हेडगेवार सेवा समितीच चालवते. तेथील मार्गदर्शन घ्यावे. शहरांतील कार्यकर्त्यांनी आपल्या वसाहतीतील पहिले दहा ग्राहक मिळवून द्यावेत आणि माल आल्यावर खरे मत कळवावे.

येथे एक कटू गोष्ट आपल्याच माणसांना सांगणे आवश्यक आहे. ‘स्वदेशी’ हा शब्द म्हणजे हलक्या मालावरचे पांघरूण नव्हे. आपल्यातला म्हणून एकदा घेतलेला निकृष्ट माल दहा घरांना स्वदेशीपासून दूर नेतो आणि एका भेसळखोरामुळे अवघ्या जिल्ह्याच्या मिरचीचे नाव खराब होते. ग्राहकाचेही कर्तव्य आहे. वापरलेली वस्तू परत करणे, मागवलेले पार्सल दारातून माघारी पाठवणे, ही लहान विक्रेत्याची फसवणूकच होय. आणि फसवणूक झाली तर मुकाट न बसता १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार केली पाहिजे.

भांडवल कर्जाने मिळते, तंत्रज्ञान विकत मिळते. पत मात्र एकेका प्रामाणिक पुडक्यानेच जमते. खेड्यापाड्यांतून निघालेल्या अशा पुडक्यांवर ज्या दिवशी शहरातील घर डोळे मिटून विश्वास ठेवील, त्या दिवशी स्वदेशी ही घोषणा न राहता रोजचा व्यवहार होईल.