वारा सरला का?

मराठी शिकविण्यात माझी बावीस वर्षे गेली. पण तीन शब्दांच्या एका मराठी प्रश्नाने मला चार दिवस इस्पितळाच्या बाकावर खिळवून ठेवावे, असे कधी वाटले नव्हते. गेल्या माघात आमच्या दादांच्या मोठ्या आतड्यातली गाठ काढली. त्यानंतर सर्जन रोज सकाळी येत आणि विचारीत, "वारा सरला का?"

दादा माझ्याहून चौदा वर्षांनी वडील, त्यातून निवृत्त हेडमास्तर. त्यांना हे मी कोणत्या तोंडाने विचारावे? आमच्या घरात ह्या विषयाला धड शब्दच नव्हता. आजी 'परसाकडे' म्हणे, आजोबा 'बहिर्दिशेस' जात. शब्दांनीसुद्धा घरापासून जमेल तितके लांब राहावे अशी रीत! अखेर वहिनींनीच खिडकीबाहेर पाहत विचारले, "अहो, झालं का काही?" दादांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले.

अशा शस्त्रक्रियेनंतर आतडी झोपी जातात. लहान आतडे काही तासांत जागे होते, जठर एकदोन दिवसांत. मोठे आतडे मात्र आमच्या धाकट्या चिरंजीवांसारखे सर्वांत शेवटी उठते. वेदना थांबविणारी अफूच्या जातीची औषधे ही झोप आणखी लांबवितात. म्हणून रोग्याला चालवितात, च्युइंगगमही चघळायला देतात. तोंड हलते आहे म्हणजे जेवण येत असणार, अशी पोटाची समजूत होते म्हणे! वर्गात गोळ्या चघळणाऱ्या मुलांना बाकावर उभे करणारे आमचे दादा निमूटपणे च्युइंगगम चघळीत व्हरांड्यात फेऱ्या घालू लागले.

त्यांच्या हृदयात दोन स्टेंट आहेत आणि हृदयाचा जोरही कमी. त्यामुळे पाणी कमी पडले तर मूत्रपिंडांची काळजी, जास्त झाले तर ते फुप्फुसांत साठण्याची भीती. रक्तातले पोटॅशियम रोज तपासत, कारण ते उतरले की आतडे सुस्तावते आणि हृदयाचा ठेकाही चुकतो.

पाचव्या दिवशी ठेका चुकला. नाडी वेडीवाकडी धावू लागली. मी नातेवाइकांना फोन करून मोकळा झालो की, दादांच्या हृदयाने दगा दिला. हृदयाचे डॉक्टर आले, पट्टी काढली. सर्जन आले ते मात्र यंत्राकडे न पाहता दादांच्या पोटावर हात ठेवून उभे राहिले. पोट फुगले होते, वारा सरलाच नव्हता. बाहेर येऊन ते म्हणाले, "आतड्याचा सांधा गळू लागला की कधी कधी पहिली हाक छातीतून येते. रोगी हृदयाचा असला की सगळे छातीकडेच पाहत राहतात." आणि उलटही घडते. हृदयाची गती आवरणारी रोजची गोळी चालू असेल तर नाडी धावायची तितकी धावत नाही आणि पोटातला घोटाळा झाकून राहतो. सीटी स्कॅनमध्ये गळती दिसली. रात्री पुन्हा शस्त्रक्रिया. संमतीच्या कागदावर सही करताना माझे अक्षर मलाच ओळखू येईना. पहाटे दादा बाहेर आले ते पोटावर पिशवी घेऊन.

ही पिशवी लहान आतड्याची, त्यामुळे तिच्यात पातळच यायचे आणि त्याबरोबर पाणी नि मीठ जायचे. ज्या माणसाच्या पानातून आम्ही दहा वर्षे लोणचे-पापड उचलले, त्यालाच डॉक्टर आता मीठ मोजून घ्यायला सांगत होते! दादांनी वही घातली. सकाळचे वजन, पिशवीचे माप, सारे शाळेच्या हजेरीपटासारखे. माप दीड लिटरवर गेले की कळवायचे. वजन भराभर उतरले तर पाणी गेले, वाढून पाय सुजले तर हृदय थकले.

एवढे असून मी चुकलोच. वहिनी दोन दिवस माहेरी गेल्या होत्या. जुन्या यादीवरून मी त्यांना लघवी होण्याची गोळी दिली. माप वाढल्यामुळे डॉक्टरांनी ती तात्पुरती बंद केली होती, आणि तसे वहीत दादांच्या सुवाच्य अक्षरांत लिहिलेलेही होते. दुपारी दादा भोवळ येऊन मोरीपाशी खाली बसले. इस्पितळात सलाइन लागले. वहिनी परत आल्या, मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, फक्त यादी फाडून टाकली. त्या रात्री मी जेवलो नाही.

गणपती झाल्यावर पिशवी काढून आतडे पुन्हा जोडले. कॉलेजात परीक्षा असल्याने मला थांबता आले नाही. तिसऱ्या दिवशी प्राध्यापकांच्या खोलीत फोन वाजला. दादांना जरा कमी ऐकू येते, म्हणून ते मोठ्याने बोलतात. ना हॅलो, ना काही, साऱ्या खोलीला ऐकू जाईल असे ओरडले, "सरला रे, सरला!"

मी डोळे पुसू लागलो. समोरच्या इतिहासाच्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, "सर, ही सरला कोण?"