एकट्याचा प्रवास आणि बारा दिवसांचा मुक्काम

मोटारसायकलवरून एकट्याने देश पालथा घालण्याचे वेड सध्या तरुणांत फार आहे. आमच्या महाविद्यालयाच्या कट्ट्यावरही हा विषय वारंवार निघतो. कोण लेहला जाऊन आला, कोणी कन्याकुमारी गाठली, किती दिवसांत किती किलोमीटर तोडले, याची चढाओढ चालते. या गोष्टींत रस्ता असतो, घाट असतो, पंक्चर असते. पण हा गडी रात्री जेवला कुठे आणि कुणाच्या घोंगड्यावर झोपला, हे काही कोणी सांगत नाही. मुक्काम म्हणजे जणू प्रवासातला वाया गेलेला वेळ! माझे मत नेमके उलटे आहे, आणि त्याला माझ्याकडे घरचाच दाखला आहे.

माझा एक चुलतभाऊ कोईमतूरला लहानाचा मोठा झाला. खरे म्हणजे तो चुलत-चुलत; पण भावकीत असे मोजायची आमच्याकडे पद्धत नाही. तिकडे त्यांचे गलाईचे दुकान आहे. गलाई म्हणजे जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा धंदा. आपल्या भागातल्या वाचकांना हे सांगायला नको, पण अंक बाहेरगावीही जातो म्हणून लिहिते. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, जत आणि साताऱ्याकडचे माण-खटाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसे या धंद्यापायी केरळपासून पंजाबपर्यंत पांगली आहेत. मूस, भट्टी आणि तेजाबाचा धूर यांच्यावर त्यांनी परमुलखात घरे उभी केली आणि गावाकडची जत्रा मात्र सोडली नाही.

तर हा भाऊ गेल्या मार्गशीर्षात कोईमतूरहून निघाला. बेंगळुरू, चित्रदुर्ग, होस्पेट, विजापूर असे करत जतला आला. इथून पुढे विटा, पुणे आणि थेट लुधियाना असा त्याचा बेत होता. आमच्या वस्तीवर दोन रात्री काढायच्या असे ठरवून आलेला हा पाहुणा बारा दिवस राहिला.

पहिले दोन दिवस गाडीच्या चेनने खाल्ले. सुटा भाग सांगलीहून मागवावा लागला. मग यल्लम्मादेवीची यात्रा लागली. जतच्या या यात्रेतला खिलार जनावरांचा बाजार पाहिल्याशिवाय पोराला सोडायचे नाही, असे चुलत्यांनी जाहीर केले. त्यानंतर आजीने त्याला धरून ठेवले. पाचव्या दिवशी तो निघतो म्हणाला, तेव्हा आजी म्हणाली, "आरं लेका, दोन दिसांत घर दिसतंय. माणसं दिसाय नगंत व्हय?"

त्याचे मराठी तुटके, तमिळ पक्के. आजी अर्धे कानडी, अर्धे मराठी बोलते. तरीही रोज दुपारी ती त्याला घेऊन शेताच्या बांधाबांधाने फिरे. आड कुठला, कोणती बाभळ कुणाच्या वाट्याची, कुणाच्या नावावर काय राहिले, हे ती त्याला सांगे. १९७२च्या दुष्काळात ती रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जात होती. तांबडी मिलो ज्वारी आणि सुकडी यांवर घर जगत होते. त्याच वर्षी या भावाचा आजोबा, म्हणजे माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ, मिरजेहून रेल्वेत बसून दक्षिणेकडे गेला. अंगावर एक जोड कपडा. वर्षभर त्याचे पत्र आले नव्हते. हे सगळे आम्ही तुकड्यातुकड्यांनी ऐकले होते. ते सलग मात्र त्या बारा दिवसांत पहिल्यांदा ऐकले, कारण विचारणारा आला होता!

माझ्या मते आमच्या घराण्यातला खरा एकट्याचा प्रवास तो. शेवटाला ओळखीचे दार नाही, भाषा येत नाही, परतीचे भाडे नाही. नंतर त्याच माणसाचे कोईमतूरचे घर गावच्या पोरांचा मुक्काम झाले. पोराने आधी नातलगाच्या दुकानात काम शिकायचे, दोन-चार वर्षांनी पुढच्या गावी स्वतःची भट्टी टाकायची, आणि मग त्याच्याकडे पुढचा पोरगा उतरायचा. गलाईचा धंदा असाच मुक्कामामुक्कामाने देशभर गेला. माझ्या भावाच्या मार्गावर आज जागोजागी अशी घरे आहेत. तो निघाला तेव्हा चुलत्यांनी त्याला एक वही दिली. तिच्यात एकतीस घरांचे पत्ते आणि फोन नंबर. ही वही खिशात असताना स्वतःला 'सोलो' म्हणवून घेणे मला जरा जास्तच वाटते.

यात त्याचा उपमर्द करण्याचा हेतू नाही. जे खरोखर मोठे प्रवासी झाले, त्यांचेही असेच आहे. टेड सायमन हा इंग्रज पत्रकार १९७३ साली लंडनहून एकटा मोटारसायकलवर निघाला आणि १९७७ साली परतला. नुसते अंतर कापायचे असते तर चार वर्षे लागली नसती. तो जागोजागी थांबला, लोकांच्या घरी राहिला. अलीकडचे उदाहरण आपल्या मराठी माणसाचे. योगेश आळेकरी मुंबईहून एकटे मोटारसायकलवर इंग्लंडला पोहोचले. २०२५च्या ऑगस्टमध्ये नॉटिंगहॅम येथे त्यांची गाडी चोरीला गेली. तेव्हा तिथल्या अनोळखी माणसांनी धीर दिला आणि एका गाड्यांच्या व्यापाऱ्याने त्यांना दुसरी मोटारसायकल दिली. एकट्याच्या प्रवासाला किती हात लागतात, पाहा!

आता त्या बारा दिवसांतली एक गोष्ट, जी भावाने काढलेल्या एकाही फोटोत नाही. यात्रेमुळे भावकी जमली आणि घरात तेवीस पाने होऊ लागली. आईने आणि काकूने एका दिवसात किती भाकरी थापल्या, हे मी मोजून पाहिले. नव्वद भरल्या. शिवाय हुलग्याचे माडगे, शेंगदाण्याची चटणी आणि पाहुण्यासाठी निराळा भात, कारण त्याला भाकरी दोन वेळा जड जाई. पाहुणा भला होता. स्वतःचे ताट स्वतः घासायला उठला, तर काकूने ते हातातून ओढून घेतले. पुरुषाच्या साहसाची अर्धी शिदोरी अशी कुठल्या तरी चुलीपुढे तयार होते. ती शिदोरी प्रवासाच्या जमाखर्चात धरली जात नाही, हा माझा पहिला आक्षेप.

दुसरा आक्षेप जरा स्वतःपुरता आहे, पण मांडते. मी आमच्या घरातली कॉलेजात आलेली पहिली. एस.टी. चुकली तर जतमध्ये आत्याकडे राहते. आत्याचे प्रेम उदंड, जेवण त्याहून उदंड, पण तिच्या दारात पाऊल टाकताच पहिला प्रश्न येतो, "संगं कोण आलंय?" माझ्या भावाला बारा दिवसांत हा प्रश्न कोणी विचारला नाही. त्याला विचारले ते एवढेच की गाडी किती पळते आणि लग्नाचे काय ठरवलेस. (बाराव्या दिवशी दोन स्थळे सांगून आली, आणि तेराव्या दिवशी पहाटेच गाडी सुरू झाली!) तेच घर त्याला विसाव्याचे ठिकाण आणि मला तपासणी नाका, असे का व्हावे?

वर्गातली माझी मैत्रीण म्हणते, म्हणूनच मुलीने प्रवास करायचा तर नातेवाइकांना टाळून लॉजवर उतरावे. तिचे म्हणणे मला अर्धेच पटते. लॉजवर तपासणी नाही, हे खरे. पण तिथे रात्री अकराला कुणी वाट पाहत बसलेलेही नसते. रमिला लटपटे २०२३च्या मार्चमध्ये गेटवे ऑफ इंडियापासून नऊवारी नेसून मोटारसायकलवर जगप्रवासाला निघाल्या, तेव्हा वर्तमानपत्रांनी लुगड्याचे कौतुक केले. मला मात्र वाचताना वाटत होते, यांना कुठल्या कुठल्या घरांनी दार उघडले असेल आणि दारात काय विचारले असेल?

मी चुलत्यांची गाडी चालवायला शिकले आहे. गिअरची मोटारसायकल चालवायला कायद्याप्रमाणे अठरा वर्षे पूर्ण लागतात. मुलगा की मुलगी, हे त्यात कुठेही लिहिलेले नाही. तशी मी एकोणीस पूर्ण केली आहेत. चुलत्यांना विचारले, कोईमतूरला जाऊन येऊ का? ते हसले आणि विषय बदलला. आजी हसली नाही. ती म्हणाली, "त्यो इकडं आला, मग आता आपलं कुणीतरी तिकडं जाया पायजे." घरातल्या सर्वांत जुन्या माणसाने हा हिशेब मांडला, म्हणून चुलत्यांना अजून उत्तर देता आलेले नाही.

वहीची एक नक्कल मी करून घेतली आहे. विजापुरात एक घर आहे, होस्पेटला एक, बेंगळुरूत तीन, सेलमला एक. होस्पेट ते बेंगळुरू हा टप्पा एका दिवसाला लांब पडतो. चित्रदुर्गाला आपले कुणी आहे का, हे मी आत्याला विचारून ठेवले आहे.