मँचेस्टरचा भाव

परदेशातला शेवटचा दिवस खरेदीचा, असा शिरस्ताच आहे. गेल्या माघात कचेरीच्या कामासाठी मी तीन आठवडे मँचेस्टरला होतो. शेवटच्या दिवशी सौभाग्यवतींची यादी खिशात घालून बाहेर पडलो, तो पाऊस आला. म्हणून रॉयल एक्स्चेंजच्या इमारतीत शिरलो.

एके काळी इथे कापसाचे, सुताचे मोठमोठे सौदे होत. आता नाटके होतात. १९६८ साली व्यवहार थांबले. त्या अखेरच्या दिवसाचे भाव मात्र उंच फलकावर अजून तसेच आहेत.

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना आमचा खानदेश आठवला. भाव चढले, १८६५ साली युद्ध संपताच कोसळले. आकडा इकडे हलायचा, घर तापीकाठचे हलायचे!

शिरपूरला आप्पांनीही मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरून ठेवला होता, भाव वाढेल या आशेने. त्यांना फलकाचे छायाचित्र पाठवले. लगेच फोन आला.

"तठे कापूसले काय भाव शे?"

भाव १९६८चा आहे, असे मी सांगितले. आप्पा क्षणभर गप्प राहिले.

"मंग, इकू का थांबू?"

तीन आठवडे मी तिथे लोकांना सल्लेच देत होतो. या प्रश्नाला मात्र उत्तर सुचले नाही. यादीतली खरेदीही राहिली.

आता दिवाळी आली, नवी वेचणी सुरू झाली. जुना कापूस अजून मधल्या खोलीतच आहे.