विमानाने दीड तास

परवा धाकट्या नातवाचा भूगोलाचा गृहपाठ घेत होतो. दोन शहरांमधले अंतर काढा, असा प्रश्न होता. त्याने फुटपट्टी न घेता फोन घेतला आणि क्षणात म्हणाला, "आजोबा, कोल्हापूर ते नागपूर ७०० किलोमीटर, विमानाने दीड तास!" आकडा बरोबर होता. पण मला २०१९ चा जानेवारी आठवला.

त्या महिन्यात एका सकाळी नागपूरहून भाच्याचा फोन आला. "मामा, आईला दवाखान्यात ठेवलंय. सारखं तुमचं नाव घेतेय. लवकर या." आमच्या मुलाने कॉम्प्युटरवर पाहिले, तर हेच उत्तर. दीड तास. सौ.ने घाईघाईने बॅग भरली. मग कळले, की कोल्हापूर-नागपूर थेट विमान त्या वेळी नव्हतेच. नसलेल्या विमानाचा वेळ मात्र लिहिलेला!

हा वेळ येतो कुठून? हिशेब शाळेतलाच आहे. दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि पृथ्वीच्या गोलावरचे सर्वांत कमी अंतर काढायचे. वर्गात मी पृथ्वीगोलावर दोरा ताणून ते दाखवत असे. त्याला विमानाच्या वेगाने भागायचे, चढण्या-उतरण्याची मिनिटे मिळवायची. एटीआरसारखे पंख्याचे विमान ताशी ५०० किलोमीटर जाते, जेट ८०० च्या आसपास. म्हणजे विमान बदलले की वेळही बदलला. गणितात चूक नाही, पण त्या मार्गावर विमान उडते की नाही, हे गणित विचारत नाही.

पुण्याहून विमान होते, पण पुण्यापर्यंतच पाच तास, आणि त्या दिवशीची तिकिटे संपलेली. शेवटी दुपारची महाराष्ट्र एक्स्प्रेस धरली. मिरज, सातारा, पुणे, दौंड, नगर, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा असा वळसा घेत ती जाते. सरळ रेषेतले ७०० किलोमीटर रुळावर १२०० होतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचलो. आक्का तेव्हा कुणाला ओळखत नव्हती. सकाळपर्यंत बोलत होती, असे भाचा म्हणाला.

यात कुणाचा दोष नाही. पण 'दीड तास' हा शब्द मला तेव्हापासून खटकतो. २०१७ साली 'उडान' योजनेतली विमाने सुरू झाली, लहान शहरे जोडली गेली, याचा आनंदच आहे. मात्र त्यातले अनुदान साधारण तीन वर्षांचे, आणि पुढे बरेच मार्ग बंदही पडले. नवा मार्ग सुरू झाला की बातमीत 'आता अवघ्या इतक्या मिनिटांत' असे ठळक छापतात. माझे म्हणणे एवढेच, की त्याच्याच शेजारी तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहावे: आठवड्यातून किती दिवस, कोणत्या वारी, आणि किती वर्षांच्या भरवशावर. सोमवारच्या विमानाचा मंगळवारी आजारी पडलेल्या माणसाला काय उपयोग?

नातवाला म्हटले, वहीत ७०० लिही, आणि खाली रेल्वेचे १२०० पण लिही. "बाईंनी एकच विचारलंय," तो म्हणाला. तरी लिहिले त्याने.

तुमच्या गावचे विमान कोणत्या वारी असते? जरूर कळवा.