तटाजवळची बाग आणि आमची वाडी

शाळेची सहल छत्रपती संभाजीनगरला निघाली की कार्यक्रम ठरलेला असतो. वेरूळ, बीबी का मकबरा, पाणचक्की, आणि परत एस.टी.त. जुन्या शहराचा दिल्ली दरवाजा दिसलाच तर बसच्या खिडकीतून. त्याच्याजवळच्या हिमायत बागेचं तर कुणी नावसुद्धा घेत नाही. मला विचाराल तर आमच्या मसोलीच्या मुलांना आधी तिथेच न्यायला हवं.

का ते सांगते. मलिक अंबरने १६१० मध्ये हे शहर खडकी नावाने वसवलं. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणलं. पुढे औरंगजेबाने १६८२ च्या सुमारास शहराला तट घातला. तो तट आज बराचसा पडलाय, काही दरवाजे तेवढे उभे आहेत. हिमायत बाग मात्र अजून आहे. ती मुघल काळातली, आणि आज तिथे कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र चालतं. म्हणजे जुनी शाही बाग आजही फळझाडांचीच बाग आहे!

आपण मुलांना बाग शिकवतो ती कशी? हिरवळ, कारंजं, ‘फुले तोडू नका’ची पाटी. मकबऱ्यासमोरची चारबाग दाखवताना आपण मुलांकडून ‘चार समान भाग’ एवढंच पाठ करून घेतो. पण ते भाग पाडले कशाने, तर पाण्याच्या पाटांनी आणि वाटांनी. पाणी आधी, आखणी मागून. हे आमच्या पोरांना वेगळं शिकवावं लागत नाही. त्यांचे आईबाप चिकूच्या वाडीत राबतात. आळं कसं करायचं, पाणी कुठून वळवायचं, दोन झाडांत अंतर किती, हे त्यांना चौथीतच ठाऊक असतं. (डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे, पण चिकू मूळचा मध्य अमेरिकेतला. शाही बागेत तो शोधू नका, असं मी आधीच बजावते.)

मागच्या सहलीत मकबऱ्यात मी बांधणाऱ्याचं नाव, शतक वगैरे सांगत होते. सातवीतली एक मुलगी पाटाशी वाकून बघत होती. म्हणाली, “बाई, इथं पाणी सोडायला कोण होतं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुस्तकात बादशहा आहे, शिल्पकार आहे, माळी नाही. तिचा बाबा दुसऱ्याच्या वाडीत पाणी सोडायलाच जातो. तिच्या प्रश्नाला ‘पुढे चला, उशीर होतोय’ म्हटलं, ते मला अजून टोचतं.

म्हणून पुढच्या सहलीआधी प्रत्येकाकडून ओळखीच्या एका वाडीचा नकाशा काढून घेणार आहे. विहीर कुठे, पाट कुठून, झाडं कशी लावलीत, पाणी कोण सोडतं. मग फळ्यावर चारबागेचा नकाशा काढीन आणि त्याच्या बाजूला हे सगळे चिकटवीन. हिमायत बागेत शिरायला परवानगी लागली तर अर्ज आत्ताच करायला हवा.