गोळी आधी की प्रार्थना?



या आठवड्यात एकच पत्र घेते. उत्तर लांबणार आहे आणि थांबायला वेळ नाही.

एक बहीण लिहितात (नावगाव मुद्दाम सांगत नाही) की त्यांच्या घरधन्यांना क्षय झाला. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू होऊन दोन महिने होत आले. शेजारच्या वस्तीवर काही ख्रिस्ती घरे आहेत. तिथे आठवड्यातून एकदा संध्याकाळी प्रार्थना होते. एका बाईने आग्रह केला म्हणून ही दोघे गेली. तिथली माणसे मालकांजवळ बसली, डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली, चहा दिला. आजार कळल्यापासून घरात मालकांची थाळी वेगळी, पेला वेगळा, अंथरूण गोठ्याकडेला. कोणी अंगाला हात लावल्याला महिने झाले होते. त्या रात्री माणूस कितीतरी दिवसांनी शांत झोपला. आता खोकला उतरला आहे, जेवण वाढले आहे.

इथवर सगळे चांगले. पण मागल्या आठवड्यात बाहेरगावचा एक प्रचारक तिथे आला आणि म्हणाला, ‘देवाने तुम्हाला बरे केले, आता गोळी घेणे म्हणजे अविश्वास.’ इकडे सासूबाई माळकरी. त्या म्हणतात, पुन्हा त्या प्रार्थनेला गेलीस तर उंबरा चढू देणार नाही. बाई विचारतात, ‘ताई, मी काय सोडू?’

बाई, काहीच सोडू नका. पण आधी गोळीचे बोलते, कारण तिथे चूक झाली तर ती माणसाला महागात पडते.

क्षयाचे जंतू चिवट असतात. साध्या क्षयाचे औषध सहा महिन्यांचे आहे. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक जंतू मरतात, म्हणून खोकला थांबतो, भूक लागते आणि माणसाला वाटते, आपण बरे झालो. पण मागे राहिलेले थोडे जंतू दबा धरून बसलेले असतात. शेतातली हरळी वरवर खुरपली तर आठ दिवस रान साफ दिसते, पण काशा खाली तशाच असतात, तसे हे. गोळी मध्येच सोडली की रोग उलटतो, आणि उलटलेल्या रोगाला पुष्कळदा तीच औषधे लागू पडत नाहीत. मग उपचार लांबतो, औषधे जड होतात आणि घरातल्या लेकरांनाही तोच चिवट रोग लागण्याची भीती असते. दोन महिन्यांनी बेडका पुन्हा तपासतात, ती तपासणी चुकवू नका. गोळ्यांनी लघवी तांबूस होते, तिला भिऊ नका. मात्र डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या थांबेनात तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. औषध फुकट आहे. शिवाय खाण्यापिण्यासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये रुग्णाच्या बँकखात्यावर देण्याचे सरकारने ठरवले आहे. नाव नोंदले आहे का, ते आशाताईंना विचारा.

आता त्या प्रचारकाचे. ज्या ग्रंथाच्या नावाने तो बोलला, त्या ग्रंथात औषधाला कोठे नाही म्हटले आहे? शुभवर्तमान लिहिणारा लूक हा वैद्य होता, असे बायबलातच आहे. जखमी वाटसरूची गोष्ट त्यानेच सांगितली आहे. वाटेत लुटारूंनी मारून टाकलेल्या माणसाजवळून धर्माची माणसे पुढे निघून गेली. थांबला तो परक्या जातीचा शोमरोनी. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला धर्मशाळेत नेले आणि पुढच्या देखभालीचे पैसे मोजले. येशूने आंधळ्याच्या डोळ्यांना चिखल लावला आणि तळ्यावर धुऊन यायला सांगितले, कुष्ठरोग्यांना याजकाकडे जाऊन अंग दाखवायला सांगितले. आजच्या भाषेत म्हणायचे तर, तपासणी करून घ्या.

आपल्या महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसांनी प्रार्थनेचा अर्थ कसा लावला, तेही पाहा. डॉक्टर विल्यम वान्लेस मिशनतर्फे इकडे आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेला इस्पितळ उघडले. दूरदूरची माणसे तिथे शस्त्रक्रियेला येत. त्यांच्याच नावाच्या वानलेसवाडीत पुढे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. आपली ती बहीण ज्या रोगासाठी रडते आहे, त्याच रोगासाठी मिशनने इमारती उठवल्या. विश्वासाने गोळ्या सुटत असत्या तर एवढा खटाटोप कशाला?

जामखेडची हकिकत तर आपल्या आठवणीतली. डॉक्टर रजनीकांत आणि डॉक्टर मेबल आरोळे हे ख्रिस्ती जोडपे. शिकून परदेशात राहता आले असते, पण १९७० साली ती दोघे जामखेडला आली. त्या दुष्काळी मुलखात लोकांनी त्यांच्याकडे औषध मागितले नाही, पाणी आणि भाकरी मागितली. म्हणून कामाची सुरुवात तिथून झाली. मग गावोगावच्या बायका निवडल्या, पुष्कळशा निरक्षर, पुष्कळशा दलित वस्तीतल्या. त्यांना बाळंतपण, ताप, जुलाब, मुलाचे वजन हे सारे शिकवले. कुष्ठरोग्यांना निराळ्या वाड्यात न टाकता इतर रोग्यांबरोबरच तपासले. १९७९ साली या दोघांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. मेबलताई १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली. दोघेही श्रद्धावान आणि दोघेही डॉक्टर. एकाने दुसऱ्याला अडवले नाही.

तेव्हा त्या प्रचारकाला स्पष्ट सांगा, प्रार्थना करा, पण गोळीवर बोलू नका. वस्तीवरच्या लोकांचे पाळकसाहेब असतील तर त्यांच्याही कानावर घाला. बहुतेक पाळक असल्या बोलण्याला मान डोलावणार नाहीत. आणि हा खोट काही एकाच धर्माची नाही. साप, विंचू, कुत्रे चावल्यावर माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले, ते आपल्या सगळ्यांचाच अनुभव पाहून.

मग प्रार्थनेने काहीच झाले नाही का? झाले, बाई, आणि ते लहान नाही. तुमच्या पत्रातले एक वाक्य मी दोनदा वाचले. कोणी अंगाला हात लावला. क्षयाचा माणूस खोकल्याने खंगतो तसा एकटेपणानेही खंगतो. रात्री जाग येते, मनात येते, माझ्यामागे पोरांचे काय, सोसायटीचे कर्ज कोण फेडील. ते कोणाला सांगायचे? घरात सांगावे तर घर रडते. प्रार्थनेत ते देवापुढे मोठ्याने बोलता येते, आणि शेजारी बसलेली चार माणसे ‘आमेन’ म्हणतात, म्हणजे तुझ्या दुःखात आम्ही आहोत असे म्हणतात. ज्यांना कोणी शिवत नव्हते त्या कुष्ठरोग्याला येशूने आधी हात लावला आणि मग बरे केले. माझ्या मते त्या गोष्टीतला अर्धा इलाज त्या हातातच आहे. आणि मन निवले की माणूस जेवतो, झोपतो, गोळी वेळेवर घेतो.

आणखी एक अवघड गोष्ट सांगते, कारण ती लपवली की पुढे माणूस फसतो. पुष्कळ प्रार्थना करूनही काही माणसे बरी होत नाहीत. पौलाने आपल्या शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनवणी केली, तो काढला गेला नाही. त्याला फक्त सोसण्याचे बळ मिळाले. पंडिता रमाबाईंचे पाहा. आईबाप आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेली, पुढे भाऊ गेला, १८८२ साली पटकीने नवरा गेला. केडगावच्या मुक्तिसदनात शेकडो निराधार बायकामुलींना त्यांनी पोटाशी धरले, तिथे प्रार्थना अखंड चाले. तरी १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमाही गेली. पुढल्याच वर्षी, १९२२ साली, स्वतः बाई गेल्या. पण त्या मधल्या महिन्यांतही बायबलाच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी पुरे केले. कोणी म्हणेल का, की या बाईचा विश्वास कमी पडला? असले बोलणे दुखणाईताच्या घरात कोणी काढले तर त्याला तिथेच थांबवा.

राहिल्या सासूबाई. त्यांच्यावर रागावू नका. सून आणि मुलगा धर्म सोडतील, ही त्यांची भीती आहे, आणि म्हाताऱ्या माणसाची भीती रागाच्या रूपाने बाहेर येते. त्यांना सांगा, आत्याबाई, प्रार्थनेला बसणे निराळे आणि धर्म बदलणे निराळे. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत सप्टेंबरात मेणाचे हातपाय वाहायला हिंदूही रांगेत असतात, आणि घरी येऊन आपल्या देवाला दिवा लावतात. ना. वा. टिळकांनी तर ख्रिस्ताची भजने अभंगांत लिहिली, आणि तुकोबांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणले असे ते सांगत. (हे शेवटचे मात्र आत्याबाईंना सांगू नका, त्या आणखी घाबरतील!) त्यापेक्षा त्यांना विचारा की संध्याकाळचा हरिपाठ त्या मालकांच्या खाटेजवळ बसून म्हणतील का. लेकाला आईचा हातही हवाच आहे.

खाट गोठ्याकडेची काढून हवेशीर खोलीत, खिडकीपाशी घ्या. खोकताना तोंडावर रुमाल, बेडका झाकणाच्या डब्यात. ताटवाटी निराळी ठेवण्याची गरज नाही, क्षय हवेतून पसरतो, भांड्यांतून नव्हे. घरातल्या सगळ्यांची, विशेषतः लहान मुलांची तपासणी करून घ्या. आणि बाई, पुढच्या वेळी प्रार्थनेला निघताना गोळ्यांची पट्टी पदराला बांधूनच न्या, सगळ्यांदेखत पाण्याबरोबर द्या. दोन महिन्यांची तपासणी झाली की काय निघाले ते मला कळवा, मी वाट पाहते.