ठिपका खरा की शिळा?

अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, मुलुंड. स्टॉप कुठलाही असो, बसची वाट बघणाऱ्यांचे डोळे आता रस्त्याकडे कमी आणि मोबाईलकडे जास्त असतात. डिसेंबर 2021 मध्ये बेस्टचं ‘चलो’ ॲप आलं आणि ‘बस कुठवर आलीय?’ याचं उत्तर नकाशावर दिसू लागलं. पण नकाशा कुठलाही असो, कधीकधी गाडीचा ठिपका जागेवरच रुतून बसतो, नाहीतर एकदम दोन स्टॉप पुढे उडी मारतो. ‘ॲप बकवास आहे’ म्हणून आपण मोकळे होतो. खरा प्रश्न मात्र बऱ्याचदा गाडीतल्या छोट्याशा डब्यात असतो.

हा डबा दोन कामं करतो. त्यातला जीपीएस रिसीव्हर सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संदेश ऐकतो. जागा नीट कळायला किमान 4 उपग्रह लागतात. मग मोडेम ती जागा मोबाईल नेटवर्कवरून सर्व्हरला कळवतो. ऐकणं वेगळं, सांगणं वेगळं. म्हणून बिघाडही वेगळे.

अंधेरी-कुर्ला रोडचंच घ्या. तिथे 2014 पासून डोक्यावर मेट्रोचा पूल आहे. पुलाखाली आकाश झाकलं जातं आणि संदेश आजूबाजूच्या इमारतींवर आपटून उशिरा पोचतात. मग ठिपका शेजारच्या गल्लीत दिसतो. नेटवर्क गेलं, तर डब्याला जागा माहीत असते, पण सांगता येत नाही. साठलेल्या नोंदी नंतर एकदम जातात आणि ठिपका उडी मारतो. वायर सैल झाली, वीजच मिळाली नाही, तर शेवटची जागा तशीच गोठून राहते.

म्हणून तपासणीचाही क्रम हवा. आधी वीज, मग मोकळ्या मैदानात उपग्रह किती दिसतात ते, मग सिम आणि नेटवर्क, शेवटी सर्व्हरवरची वेळ. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर दोष कुठे होता ते कळतच नाही. आणि डेपोच्या मोकळ्या आवारात ‘ओके’ म्हणणं ही चाचणी नव्हे. पुलाखालून, गर्दीतून, पूर्ण मार्गावर गाडी फिरवायला हवी.

एवढा आटापिटा कशाला? कारण 1 जानेवारी 2019 पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना, रिक्षा वगळून, असं यंत्र आणि संकटात दाबायचं बटण केंद्र सरकारने सक्तीचं केलंय. रात्री क्लास सुटल्यावर टॅक्सीने घरी निघालेल्या मुलीने ते बटण दाबलं आणि डबा वीस मिनिटांपूर्वीची जागा सांगत असला, तर मदत भलत्याच ठिकाणी पोचेल. बस चुकणं परवडतं, हे नाही.

म्हणून दोन मागण्या. नकाशावरच्या प्रत्येक ठिपक्याशेजारी नोंद किती वाजताची आहे ते ठळक दिसावं. आणि बटणाची चाचणी ठरावीक काळाने व्हावी, तिची तारीख बटणाशेजारीच चिकटवलेली असावी.

इलेक्ट्रॉनिक्स, आयटीच्या दोस्तांनो, फायनल इयरचा प्रोजेक्ट शोधताय ना? रोजचा बसमार्ग घ्या. प्रत्येक स्टॉपची खरी वेळ आणि ठिपक्याची वेळ महिनाभर लिहून ठेवा. ठिपका कुठे हरवतो त्याचा नकाशा तयार करा आणि वाहतूक अधिकाऱ्यांपुढे ठेवा. ‘ॲप बकवास आहे’ म्हणण्यापेक्षा त्या कागदाला जास्त वजन असेल.